सल्ला हवा: जुन्या लॅपटॉपची रॅम, एसएसडी आणि स्क्रीन बदलली तर बॅटरीवर काय परिणाम होईल?

माणदेशी_पाणलोट

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याच्या माण तालुक्यात पाणलोटाचं काम करते. शिवारफेरी झाली की त्याच दिवशी गावात बसून क्यूजीआयएसवर नकाशा उघडायचा, गटनंबर बघत बघत समतल चर कुठे, बंधारा कुठे हे लोकांसमोर आखायचं, अशी आमची पद्धत आहे. ही बैठक बहुतेक वेळा समाजमंदिरात किंवा देवळाच्या ओवरीत होते. तिथे लाइट असेलच असं नाही. असली तरी प्लग पॉइंट चालू असेलच असं नाही.

माझ्याकडे रिफर्बिश्ड घेतलेला थिंकपॅड टी४८० आहे. आय५-८३५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम (एकच पट्टी), २५६ जीबी साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी, १३६६ बाय ७६८ ची साधी स्क्रीन, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज ११ आहे. बॅटरी पावणेतीन तास पुरते. दुपारी तीनच्या सुमारास, लोक नुकते बोलायला लागलेले असतात तेव्हा स्क्रीन काळी होते. मागच्या महिन्यात असं दोनदा झालं. एकदा तर एक आजोबा त्यांच्या विहिरीची जागा दाखवत होते आणि त्यांचं बोट स्क्रीनवर असतानाच ती गेली. मला फार वाईट वाटलं.

ज्या दुकानात दाखवला त्यांनी तीन गोष्टी सुचवल्या: ३२ जीबी रॅम, १ टीबीची वेगवान एनव्हीएमई (नव्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी आणि २के स्क्रीन. "सगळं नवीन झालं की बॅटरीपण वाढेल," असं ते म्हणाले. खरंच वाढेल का? बजेट मर्यादित आहे, संस्थेचे पैसे आहेत, त्यामुळे एकेक रुपया मला लिहून द्यावा लागतो. मला सलग सहा तास मिळाले तरी पुष्कळ झालं.


एसटीप्रवासी

ताई, रॅम अजिबात वाढवू नका. जास्त रॅम म्हणजे जास्त वीज. माझ्या जुन्या लॅपटॉपला ४ ची ८ केली आणि बॅटरी कमी पुरायला लागली. ब्राइटनेस कमी ठेवा, बॅटरी सेव्हर लावा, तेवढ्याने काम होईल.


सोल्डर_नाशिक

गेली चौदा वर्षं लॅपटॉप दुरुस्ती करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तास मोजू नका, वॉट मोजा. तुमच्या बॅटरीत किती वॉट-अवर आहेत भागिले लॅपटॉप किती वॉट ओढतो, बरोबर तुमचे तास. सगळा हिशोब या एका भागाकारात आहे. दुकानदाराने सुचवलेल्या तिन्ही वस्तूंनी वरचा आकडा वाढत नाही. बॅटरीतली वीज तेवढीच राहते. खालचा आकडा कमी होतो की वाढतो एवढंच बघायचं.

टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. एक आत बसवलेली, २४ वॉट-अवरची. दुसरी मागे, खटका सरकवून निघणारी. ती २४, ४८ किंवा ७२ ची मिळते. रिफर्बिश्ड मशीनला बहुधा मागची २४ चीच लावून देतात. म्हणजे नवीन असताना एकूण ४८. लिथियम-आयन तीन-चारशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, आणि उन्हात, पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर त्याआधीच. तुमचं मशीन २०१८ च्या पिढीचं आहे. बॅटऱ्या मूळच्याच असतील तर त्यांच्याकडून फार अपेक्षा नको.

तर आधी दोन कामं करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी ही कमांड बॅटरीरिपोर्ट पर्याय देऊन चालवा. एक फाइल तयार होईल. त्यात दोन्ही बॅटऱ्यांसमोर मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे दिसतील. दुसरं, बॅटरीइन्फोव्ह्यू हा छोटा फुकट प्रोग्रॅम टाका. लॅपटॉप या क्षणी किती मिलिवॉट ओढतोय ते तो दाखवतो. चार्जर काढा, नेहमीसारखं काम करा आणि अर्धा तास आकडे वहीत लिहा. मग इथे टाका.

आता रॅम. एसटीप्रवासी म्हणतात ते तत्त्वतः खोटं नाही. रॅममधली माहिती टिकवायला तिला सतत ताजी करावी लागते, डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ एकदा. पट्टी रिकामी असो वा भरलेली, ही वीज लागतेच. पण ती किती? मी एकाच मशीनवर ८ ची एक पट्टी आणि ८ च्या दोन पट्ट्या लावून मोजलंय, फरक पाव वॉटच्या आसपास आला. सात वॉट ओढणाऱ्या लॅपटॉपला चार तासांत आठ-नऊ मिनिटांचा फरक. दुसऱ्या बाजूला, तुमचं काम क्यूजीआयएसचं. उपग्रहाची मोठी प्रतिमा उघडली की ८ जीबी भरते, विंडोज उरलेलं एसएसडीवर ढकलतं, परत आणतं, प्रोसेसर तेवढा वेळ जागा राहतो. दुसरी पट्टी टाकली की काम लवकर उरकून प्रोसेसर लवकर झोपतो. शिवाय दोन पट्ट्या असल्या की आतल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो. तुमच्यासाठी ८ ची आणखी एक पट्टी योग्य. ३२ ची गरज मला दिसत नाही.

एक महत्त्वाचं: रॅम घरी टाकणार असाल तर मागची बॅटरी काढून भागत नाही, आतली चालूच असते. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पॉवरच्या पानावर आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय आहे तो वापरा, मगच खालचं झाकण उघडा. चार्जर परत लावला की ती आपोआप चालू होते. हे न केल्यामुळे जळालेले बोर्ड माझ्या टेबलावर आलेत.

स्क्रीन आणि एसएसडीवर आकडे आल्यावर बोलू.


माणदेशी_पाणलोट

सोल्डरदादा, खूप खूप धन्यवाद. सांगितल्याप्रमाणे केलं.

आतली बॅटरी: मूळ २४, आता १९ वॉट-अवर.
मागची बॅटरी: मूळ २४, आता १२.
एकूण ३१.

कामाच्या वेळचा आकडा ११ ते १२ वॉटच्या मध्ये दिसतो. मोठा नकाशा सरकवला की क्षणभर १८ पर्यंत जातो. नुसता बसून राहिला तरी १० च्या खाली येत नाही. ब्राइटनेस पूर्ण ठेवते, कारण ओवरीत उजेड असतो आणि लोक बाजूने बघतात. वायफाय बंद असतं. इंटरनेट मोबाइलला केबल लावून घेते, तसं केलं की रेंज तुटत नाही.

आणखी एक. प्रशिक्षणाचे व्हिडिओ यूट्यूबवर दाखवतो, तेव्हा पंखा जोरात फिरतो आणि आकडा १६ वर जातो. हे असंच असतं का?


सोल्डर_नाशिक

ताई, केबल! मोबाइल केबलने जोडलाय म्हणजे तो तुमच्या लॅपटॉपवर चार्ज होतोय. यूएसबीचे ५ व्होल्ट गुणिले साधारण ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार वॉट. तुमच्या साडेअकरातले साडेचार मोबाइल पितोय. आताच्या आता केबल काढा आणि आकडा बघा.


माणदेशी_पाणलोट

६.९ झाला. मी दोनदा लावून-काढून बघितलं.

दोन वर्षं मी असंच वापरतेय. शिवारात दिवसभर फिरून मोबाइल उतरलेला असतो, म्हणून बैठकीत लॅपटॉपला लावायचा, तेवढंच चार्जिंग होतं असं वाटायचं. आमच्या टीममधले तिघेही हेच करतात.


टर्मिनलवाला

छान धागा. वाचनखूण साठवली.

व्हिडिओचं सांगतो. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ या (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या) प्रकारात पाठवतं. तुमच्या आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ उलगडायला चिपमध्येच वेगळी जागा आहे, ती फार कमी विजेत काम करते. एव्ही१ साठी ती नाही. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ती अकराव्या पिढीपासून, २०२० साली आली. त्यामुळे तुमच्याकडे सगळा भार प्रोसेसरच्या मुख्य गाभ्यांवर पडतो आणि पंखा ओरडतो. यूट्यूबच्या खात्यात प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये एव्ही१ ची निवड बदलता येते. ब्राउझरला एच.२६४ मागायला लावणारी एक्स्टेन्शन्सही आहेत. सगळ्यात सोपं म्हणजे व्हिडिओ आधीच एच.२६४ मध्ये उतरवून ठेवा आणि बैठकीत फाइल चालवा. इंटरनेटचीही वीज वाचेल.

आता एसएसडी. इथे मी स्वतः पोळलोय म्हणून कळकळीने सांगतो. टी४८० च्या अडीच इंची जागेत अडॅप्टर लावून एनव्हीएमई बसते, पण तिला पीसीआय एक्सप्रेसच्या दोनच लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) मिळतात. चार लेनची महागडी, वेगवान ड्राइव्ह घेतली तरी वेग निम्म्यावरच अडतो. पैसे जास्त, गरमी जास्त, उपयोग अर्धा.

बॅटरीच्या दृष्टीने एसएसडी काम करताना किती खाते यापेक्षा काम नसताना किती खाते हे बघावं लागतं. दिवसातला नव्वद टक्के वेळ ती रिकामीच बसलेली असते. चांगली ड्राइव्ह रिकामी असताना टप्प्याटप्प्याने झोपत जाते आणि शेवटच्या टप्प्यात काही मिलिवॉटवर येते. मी घेतलेली ड्राइव्ह (नाव लिहीत नाही) खोल झोपेत जातच नव्हती. ती जागी म्हणून प्रोसेसरही खोल झोपेत जाईना. आधी मशीन नुसतं बसलं की ४ वॉटवर यायचं, नंतर साडेसहाच्या खाली उतरेना. मी लिनक्स वापरतो. पॉवरटॉप (विजेचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलं तर प्रोसेसरच्या खोल झोपेच्या रकान्यात सरळ शून्य. दोन आठवडे मी कर्नल, सेटिंग, सगळं तपासत बसलो. शेवटी मित्राची दुसरी, साधी, स्वस्त ड्राइव्ह लावून बघितली आणि आकडा पुन्हा चारवर आला.

तुमची साटा एसएसडी नीट चालत असेल तर बॅटरीसाठी ती बदलण्यात काही अर्थ नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर मी लगेच बदला म्हटलं असतं. जागा कमी पडत असेल तर मोठी साटाच घ्या.


कोथरूड_कट्टा

स्क्रीनबद्दल दोन शब्द. २के घेऊ नका. २५६० बाय १४४० मध्ये फुल एचडीच्या पावणेदोनपट पिक्सेल. पिक्सेल बारीक झाले की प्रत्येकातून उजेड कमी गाळून बाहेर येतो, म्हणून मागचा दिवा जोरात पेटवावा लागतो. हलक्या कामात लॅपटॉपमध्ये सगळ्यात जास्त वीज स्क्रीनच खाते, आणि तिथेच तुम्ही भर घालणार. वर टी४८० ला २के पॅनेलसाठी ४० पिनांची वेगळी केबलही लागते. तुमच्याकडे ३० पिनांची आहे.

पण फुल एचडी आयपीएस (बाजूनेही रंग नीट दाखवणारी) जरूर घ्या. तुमची साधी स्क्रीन बाजूने बघितली की रंग उडालेले दिसतात, आणि तुमच्याकडे तर पाच-सहा जण दोन्ही बाजूंनी बघतात. टी४९० साठी निघालेलं ४०० निट्सचं (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) कमी वीज खाणारं पॅनेल आहे, बरेच जण '१ वॉट पॅनेल' म्हणतात. तोच ३० पिनांचा कनेक्टर. १ वॉट हा आकडा कमी ब्राइटनेसवरचा असतो, पूर्ण ठेवलं की ते पॅनेलही बरंच ओढतं. फायदा असा की ओवरीतल्या उजेडात तुम्हाला ते पूर्ण ठेवायची वेळ येणार नाही.

अवांतर: नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांनी १२० किंवा १४४ हर्ट्झची स्क्रीन बॅटरीवर असताना ६० वर आणावी. आणि काळ्या पार्श्वभूमीने वीज वाचते ती ओएलईडीवर, कारण तिथे काळा पिक्सेल बंदच असतो. साध्या एलसीडीवर मागचा दिवा पेटलेलाच राहतो, त्यामुळे तिथे डार्क मोड लावून बॅटरी वाढत नाही.


दुपारची_पाळी

मागची ७२ ची बॅटरी घेणार असाल तर जपून. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात घेतली होती. लेबलवर ७२ छापलेलं, रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ४७ दाखवली. मी दुर्लक्ष केलं, कारण परत करायची मुदत उलटून गेली होती. आठ महिन्यांनी ती फुगली. आधी लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, मला वाटलं रबराचा पाय गेला. उलटा केला तर बॅटरीचं प्लॅस्टिक मधोमध उचललं गेलं होतं. घरात लहान मूल आहे. त्या रात्री मी ती अंगणात, फरशीवर, आजूबाजूला काहीही नाही अशी ठेवून जागी राहिले.

म्हणून सांगते: बॅटरी आली की पहिल्याच दिवशी बॅटरीरिपोर्ट काढा, आकडा जुळला नाही तर त्याच दिवशी परत करा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ आणि त्याखाली आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. माझ्या बॅटरीवर क्रमांक होता, पण ॲपवर तो निघालाच नाही. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या.


सोल्डर_नाशिक

दुपारची_पाळी यांना अनुमोदन. फुगलेली बॅटरी अजून एक दिवस चालवू म्हणणारे रोज भेटतात, त्यांना मी हा प्रतिसाद दाखवीन.

ताई, तुमचा हिशोब मांडतो. मोबाइलची केबल काढून, ब्राइटनेस थोडा खाली आणून, नकाशाचं काम धरून सरासरी ८ वॉट समजू. आजच्या ३१ वॉट-अवरवर पावणेचार तासांहून थोडं जास्त मिळेल, एक रुपयाही खर्च न करता. मागची ४८ ची घेतली तर १९ अधिक ४८, म्हणजे ६७, आठ तास. ७२ ची घेतली तर ९१, अकरा तास. सहा तासांसाठी ४८ पुरेल. पण तुमच्याकडच्या उन्हात बॅटरी लवकर उतरेल, म्हणून मी असतो तर ७२ घेतली असती. वजन वाढतं आणि लॅपटॉप मागून दोन बोटं उचलला जातो, हे लक्षात ठेवा.

पैसे लावायचा क्रम: मागची बॅटरी, मग ८ ची रॅम, उरले तर फुल एचडी स्क्रीन. एसएसडीला हात लावू नका.

ज्या दिवशी ऑफिसातच बसायचंय त्या दिवशी लेनोवो व्हँटेज या लेनोवोच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा. शिवारफेरीच्या आदल्या रात्री १०० करा. आणि एप्रिल-मेमध्ये लॅपटॉप जीपमध्ये काचा लावून ठेवू नका. पूर्ण भरलेली बॅटरी आणि बंद गाडीतली गरमी, याइतकं वाईट तिच्यासाठी दुसरं काही नाही.


विदर्भ_एक्सप्रेस

मोबाइलसाठी पॉवर बँक घ्या म्हणजे लॅपटॉपवरचा भार जाईल. घेताना एमएएच बघून फसू नका. पॉवर बँकेवरचा आकडा ३.७ व्होल्टचा असतो. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, आणि व्होल्टेज बदलताना काही वाया जाऊन हातात त्याहून कमी येतात. मोबाइलला तरी दोन-तीन वेळा पुरते. टी४८० यूएसबी-सी वर चार्ज होतो, म्हणून पॉवर डिलिव्हरी असलेली, २० व्होल्ट देणारी घेतलीत तर अडीअडचणीला लॅपटॉपलाही लावता येईल. जीपच्या सॉकेटमधून चालणारे तसे कार चार्जरही मिळतात.

विमानाने जाणाऱ्यांसाठी: १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवानगी चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी व पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. मोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ९९ वॉट-अवरवर थांबतात त्या यामुळेच.


एसटीप्रवासी

सोल्डरदादा, रॅमचं पटलं. माझ्या लॅपटॉपचा रिपोर्ट आज काढला. रॅम वाढवली त्या सुमारालाच बॅटरी निम्म्यावर आलेली होती. दोष रॅमला देत बसलो. ताई, माझा पहिला प्रतिसाद धरू नका.


माणदेशी_पाणलोट

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना निकाल सांगायचा होता.

मागची ७२ ची बॅटरी आणि ८ ची रॅम घेतली. बॅटरी आली त्याच संध्याकाळी रिपोर्ट काढला, मूळ ७२ आणि पूर्ण चार्ज ७२. नोंदणी क्रमांक ॲपवर निघाला. रॅम टाकताना बायोसमधून आतली बॅटरी बंद केली. झाकणाच्या खिट्ट्या निघेनात तेव्हा भीती वाटली, मग जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवल्या. स्क्रीनला पुढच्या तिमाहीत पैसे मिळतील. तेव्हा ४०० निट्सचीच घेईन.

काल शिवारफेरी होती. आदल्या रात्री १०० टक्के केलं. सकाळी आठला लॅपटॉप काढला, अधूनमधून झाकण लावलं तो वेळ धरून संध्याकाळी पाचला बंद केला. २१ टक्के शिल्लक. मागची जवळजवळ उतरलेली आणि आतली तशीच भरलेली. मोबाइल पॉवर बँकेवर होता. व्हिडिओ फाइलवरून चालवला, पंख्याचा आवाजही आला नाही. आजोबा पुन्हा आले होते. त्यांची विहीर, तिच्या वरचा चर आणि ओढ्यावरचा बांध, तिन्ही त्यांनी स्वतः बोटाने आखून घेतले.

एक शेवटचा प्रश्न. जुनी मागची बॅटरी, १२ वॉट-अवरवाली, तिचं काय करू?


सोल्डर_नाशिक

वाचून फार बरं वाटलं. जुनी सपाट आहे का बघा. टेबलावर ठेवून डुगडुगत नसेल तर जवळ ठेवा. मागची संपून लॅपटॉप आतल्या बॅटरीवर चालू असताना खटका सरकवून बदलता येते, मशीन बंद करावं लागत नाही. दीड तास तरी देईल. वापरात नसताना निम्मी भरलेली आणि थंड जागी ठेवा.


माणदेशी_पाणलोट

सपाट आहे, डुगडुगत नाही. ५० टक्क्यांवर आणून कापडी पिशवीत घालून माठाशेजारच्या फडताळात ठेवलीय. टीममधल्या तिघांनाही मोबाइलची केबल काढायला लावली, त्यातल्या एकाचा लॅपटॉप आज साडेचार तास चालला.